नाना पानावरून उठत नाहीत

दप्तरदारांच्या घरात एखादी गोष्ट सरळ पार पडली असती तर शामलालाच चुकल्याचुकल्यासारखं झालं असतं. तिच्या सासऱ्यांच्या, म्हणजे नानांच्या, सहस्रचंद्रदर्शनाची तारीख ठरली आणि त्याच संध्याकाळी पहिलं भांडण झालं ते जेवणावरून. अभिराम म्हणजे तिचा धाकटा दीर. त्याचं म्हणणं, आजकाल खाली बसतं कोण, बुफे ठेवू, लोक अर्ध्या तासात मोकळे. नानांचं म्हणणं, एक्याऐंशी वर्षं मी पाटावर बसून जेवलो, माझ्या सोहळ्याला लोकांनी ताटल्या घेऊन उभं राहायचं असेल तर मी येतच नाही. ज्याचा सोहळा तोच येणार नाही म्हटल्यावर बुफे बारगळला. मग गोरखीजवळचा हॉल, ऐंशी माणसं, दोन पंगती, त्यासाठी पाट कुठून आणायचे, पत्रावळी कोण देतं, आचारी मराठी पद्धतीची आमटी करतो की नुसती दाल, हे सगळं फिरून शामलाच्याच डोक्यावर आलं. नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती, पण थोरल्या सुनेच्या कामातून तिला कुणी मोकळं केलं नव्हतं.

आणि हे कमी होतं म्हणून की काय, नानांनी कुणाला न विचारता दिग्विजयसिंहाला आमंत्रण दिलं. साधं नाही, अगत्याचं. मातोश्रींसह यावे, पहिल्या पंगतीत माझ्या शेजारी बसावे, असं.

दिग्विजयसिंह हा अभिरामचा शाळेपासूनचा मित्र आणि शामलाच्या मुलीचा, अपर्णाचा, मालक. पडाव भागात दुसऱ्या मजल्यावर त्याची शिखरसेतू नावाची कंपनी. तिथे चौतीस मुलंमुली दिवसभर फोनवर पालकांना कोर्स विकत. कंपनीला कंपनी म्हणायचं नाही, परिवार म्हणायचं. मालकाला सर म्हणायचं नाही, भैया म्हणायचं. परिवाराच्या ग्रुपवर भैयाचा मेसेज आला की दहा मिनिटांत ‘जी भैया’ लिहायचं, रात्री अकरा असोत की सकाळचे सहा. आठवड्यात ज्याचे कोर्स सगळ्यांत कमी विकले गेले त्याच्या टेबलावर एक कापडी कासव ठेवत, आणि ते घेऊनच त्याने आठवडाभर डबा खायला जायचं. फोटो ग्रुपवर. नोकरी सोडायची म्हटलं तर सोडता येत नव्हती, कारण मूळ गुणपत्रिका आणि पदव्या पहिल्याच दिवशी ‘तपासणीसाठी’ ठेवून घेतल्या होत्या. अपर्णाच्या कागदांची तपासणी दोन वर्षं चालली होती.

तिने चार वेळा मागितले. चारही वेळा भैया प्रेमाने हसला आणि म्हणाला, घर की चीज़ घर में है, बेटा.

आता भोपाळच्या एका कॉलेजात तिची ग्रंथपाल म्हणून निवड झाली होती. मंगळवारी सकाळी दहा वाजता मूळ कागद दाखवायचे. नाही दाखवले तर यादीतलं पुढचं नाव. विद्यापीठातून दुसऱ्या प्रती काढायला दीड महिना लागतो, ते शामला स्वतः खिडकीवर जाऊन विचारून आली होती. पोलिसांत जाऊ, असंही ती म्हणाली होती. तेव्हा अभिरामने हात जोडले, वहिनी, मित्र आहे माझा, मी बोलतो त्याच्याशी. त्याला पंधरा दिवस झाले. तो बोलला की नाही हे देवाला ठाऊक.

नानांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि आपला उपाय काढला. छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेल्या माणसाचा उपाय. त्यांनी मोत्यासारख्या अक्षरात दीड पानी विनंतीपत्र लिहिलं. दिग्विजयसिंहाला घरी बोलवायचं, चार लोकांत शाल-श्रीफळ द्यायचं आणि त्याच्यासोबत हे पत्र हातात ठेवायचं. मानाने बोलावलं की माणूस नाही म्हणत नाही, असं त्यांचं म्हणणं.

“तुम्ही त्याला शाल द्याल न नाना, तर तो शाल पांघरून घरी जाईल,” शामला म्हणाली होती. “कागद नाही देणार.”

नानांनी पत्राची घडी घातली आणि तिच्याकडे चहा मागितला.

*

रविवारी सकाळी साडेदहाला औक्षण होतं आणि अपर्णा पावणेअकराला आली. ती रिक्षातून उतरली तेव्हा गळ्यातला कंपनीच्या ओळखपत्राचा पट्टा काढायचं विसरली होती. रविवारी परिवारात ‘संडे ब्लास्ट’ असे, म्हणजे सुट्टीच्या दिवशी येऊन फोन करायचे आणि त्यात आनंद मानायचा. आजोबांच्या सोहळ्यासाठी तिने अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली होती. भैयाने ती उदार मनाने दिली, फक्त सकाळचे वीस फोन उरकून जा, म्हणाला. स्वतः तो साडेदहाला आईला घेऊन हॉलमध्ये हजर होता आणि पुढच्या रांगेत बसून सगळ्यांशी हसतखेळत बोलत होता.

शामलाने तिच्या गळ्यातला पट्टा काढून स्वतःच्या कमरेला खोचला आणि हातात निरांजन दिलं. एक्याऐंशी दिवे लावलेलं मोठं ताट चौघींनी मिळून धरलं होतं. चौरंगावर नाना नवं उपरणं घेऊन बसले होते, दिव्यांच्या उजेडात अगदी लहान दिसत होते. अपर्णाला एकदम भरून आलं. बाबा असते तर आज इथे धावपळ करत असते, असं तिला वाटलं, आणि तेवढ्यात तिच्या हातातला फोन थरथरला.

ग्रुपवर भैयाचा मेसेज होता. सब लोग अपडेट दो, कितने हुए.

तिने मान वर केली. भैया तिच्यापासून पाच पावलांवर बसला होता. फोन मांडीवर, नजर नानांच्या औक्षणावर, चेहऱ्यावर भक्तिभाव. तिने डाव्या हाताने लिहिलं, जी भैया, बीस. उजव्या हातात निरांजन होतं. भैयाने मांडीवरच्या फोनकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि अंगठा वर करून दाखवला.

तिला रागसुद्धा आला नाही. राग यायचे दिवस पहिल्या वर्षातच संपले होते. आता नुसता वैताग येत असे, भैयाचा, स्वतःचा, आणि ‘जी भैया’ लिहायला शिकलेल्या आपल्या अंगठ्याचा. नानांनी मात्र हे पाहिलं. ते चौरंगावरून सगळं पाहत होते.

*

शाल-श्रीफळ झालं. दिग्विजयसिंहाने खाली वाकून नानांचे पाय धरले, शाल खांद्यावर घेतली, आणि नानांचं दीड पानी पत्र न उघडता जॅकेटच्या आतल्या खिशात घातलं. नानांना ते बरं वाटलं. नंतर निवांत वाचील, असं त्यांना वाटलं. मग अभिरामने माइक मित्राच्या हातात दिला, आणि नानांच्या सोहळ्यात जे व्हायला नको होतं ते सुरू झालं.

दिग्विजयसिंह बोलायला चांगला होता. आमचे पूर्वज तलवारी घेऊन आले, दप्तरदारांचे पूर्वज लेखण्या घेऊन आले, पण भाकरी एकाच तव्यावरची, असं काहीतरी तो म्हणाला आणि लोकांनी माना डोलावल्या. मग गाडी अपर्णावर आली. नानांची नात म्हणजे आमच्या परिवाराची लाडकी. पण सुरुवातीला काय मजा होती माहितीये, तो म्हणाला, लागोपाठ तीन आठवडे कासव हिच्याकडेच. आम्ही हिचं नावच कछुआ मैडम ठेवलं. कासव मांडीवर घेऊन डबा खाताना हिचा फोटो आहे माझ्याकडे, दाखवीन कधी.

हॉल हसला. त्यात वाईट हेतू कुणाचा नव्हता, समारंभात लोक हसतातच. अपर्णाही हसली.

नानांना कासवाची गोष्ट माहीत नव्हती. घरात कुणी त्यांच्यापर्यंत येऊ दिली नव्हती. आणि खरं सांगायचं तर, ती नोकरीबद्दल काही बोलायला लागली की नानाच म्हणायचे, नोकरीत थोडं सोसावं लागतं, आम्हीही सोसलं. आता त्यांनी तिचं ते हसू पाहिलं. हे हसू त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांच्या वडिलांची टोपी साहेबाने काठीने उडवली होती तेव्हा वडील असेच हसले होते. तो किस्सा घरात सगळ्यांना पाठ होता, आणि वडील किती खेळकर होते हे दाखवायला सांगितला जाई. स्वतः नाना छत्तीस वर्षं साहेबांच्या विनोदांना असेच हसले होते. तिसऱ्या पिढीत आपल्या मुलाच्या वाट्याला ते आलं नाही याचं त्यांना समाधान होतं, आणि आता चौथीत नात हसत होती. त्यांना स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात माइकवरून घोषणा झाली. आजच्या शुभ दिवशी अपर्णा टीम लीडर.

“आणि नाना, अगले दो साल ही कुठेच जाणार नाही,” दिग्विजयसिंह म्हणाला. “मी जाऊच नाही देणार.”

टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात अभिरामने वाजवल्या. शामला आचाऱ्याला काही सांगायला म्हणून आत निघून गेली आणि तिथे दोन मिनिटं भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

*

पहिली पंगत साडेबाराला बसली. चाळीस पानं, समोरासमोर दोन रांगा. नानांच्या उजवीकडे दिग्विजयसिंह, त्याच्या पलीकडे अभिराम. समोरच्या रांगेत, बरोबर नानांच्या पुढ्यात, दिग्विजयसिंहाच्या आई मंदाताई. पंच्याहत्तरीच्या, डोक्यावरून पदर, ताठ पाठ. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं असूनही खुर्ची नको म्हणून पाटावर बसल्या होत्या.

अभिरामच्या मनासारखं सगळं चाललं होतं. शिखरसेतूच्या चौतीस जणांचा विमा त्याच्यामार्फत होता आणि तो पुढच्या महिन्यात पुन्हा उतरवायचा होता. अपर्णाचं म्हणाल तर ती टीम लीडर झाली, आणखी काय हवं. भोपाळचं काय ते तिचं ती बघेल. असा विचार करत त्याने मसालेभात संपवला, मठ्ठा प्यायला, आणि पंगत उठायची वाट पाहू लागला.

पंगत उठेना. वाढपी मंडळी आता बस्स म्हणून बाजूला झाली होती. मागे दुसऱ्या पंगतीचे चाळीस जण भिंतीला टेकून, भुकेल्या तोंडाने उभे होते. जेवण झाल्यावर उजव्या हातावर पाणी घेऊन यजमानाने शेवटचा घोट घ्यायचा आणि मगच सगळ्यांनी उठायचं, ही रीत. पाण्याचं भांडं नानांच्या डाव्या हाताला होतं. नाना त्याला हात लावत नव्हते.

“नाना, पाणी घ्या न,” अभिराम हळूच म्हणाला.

नानांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ते दिग्विजयसिंहाकडे वळले आणि विचारलं, पत्र वाचलंत का. तो म्हणाला, आरामात वाचू नाना, आत्ता हात उष्टे आहेत. नाना म्हणाले, मग मीच सांगतो, पाठ आहे मला.

“अपर्णाची मूळ कागदपत्रं तुमच्याकडे आहेत. ती मंगळवारी भोपाळला हवीत. ती इथे येईपर्यंत मी पानावरून उठणार नाही.”

आवाज मोठा नव्हता, पण पंगतीत अशा वेळी जी शांतता असते तीत तो शेवटच्या पाटापर्यंत गेला. दिग्विजयसिंह हसला. उद्या पक्का पाठवतो, म्हणाला. नाना म्हणाले, उद्या नको. तो म्हणाला, आज इतवार आहे, ऑफिस बंद आहे. तेव्हा समोर वाढायला उभ्या असलेल्या अपर्णाच्या तोंडून निघून गेलं, “बंद नाहीये, भैया. बारा जणी बसल्या आहेत. मी पण तिथूनच तर आली.”

ती बोलली आणि स्वतःच घाबरली. दोन वर्षांत भैयाला ती पहिल्यांदा नाही म्हणाली होती.

मग जे सुरू झालं ते अभिरामला आयुष्यभर विसरता येणार नव्हतं. तो नानांच्या कानाशी वाकून म्हणाला, हे काय चालवलंय, लोक काय म्हणतील. नाना म्हणाले, तूही बस. तो म्हणाला, तुमचे गुडघे आखडतील. नाना म्हणाले, आखडू दे. मागून दुसऱ्या पंगतीतल्या कुणी विचारलं की किती वेळ आहे अजून, मधुमेहाची गोळी घेतलीये. त्याला शामलाने आतून दोन लाडू आणून दिले आणि उभ्या उभ्या खायला लावले. आधी तिलाही नानांचा संताप आला होता. इतकी वर्षं गप्प बसले आणि सुचलं तेव्हा भरल्या पंगतीत, माझा भात निवत असताना. पण दिग्विजयसिंह पाटावर हात टेकून उठायच्या बेतात आहे हे तिने पाहिलं, आणि तिचं तिलाच कळायच्या आत ती जिलब्यांची परात घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

“दिग्विजयभाऊ, एक घ्या.”

नको म्हणत असताना त्याच्या पानात दोन पडल्या. पानात अन्न पडलं की टाकून उठता येत नाही. त्याने कशाबशा त्या संपवल्या. शामला पुन्हा आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा त्याने पानावर दोन्ही हात आडवे धरले, आणि तिने त्यांच्या फटीतून बरोबर एक सोडली. अपर्णाला हसू आलं. या वेळी खरं.

शेवटी दिग्विजयसिंह वैतागला. “ये सब क्या है, अभिराम? मला घरी बोलवून बंधक बनवणार का? मी चाललो.” तो एका गुडघ्यावर उठला.

“बैस,” मंदाताई म्हणाल्या.

मुलाने त्यांच्याकडे पाहिलं. आईसाहेब, हे लोक, असं काहीतरी तो सुरू करत होता.

“यजमान उठलेले नाहीत. तुझे बाबासाहेब अंगात ताप घेऊन चार चार तास पंगतीत बसायचे, पण यजमानाच्या आधी कधी उठले नाहीत. तुला उठायचं असेल तर ऊठ. मी बसलीये.” मग त्या म्हणाल्या, “आणि मुलीचे कागद तू ठेवलेस कशाला? तुला काय करायचे आहेत ते?”

इतक्या लोकांत, उष्ट्या हाताने, आईसमोर, परिवार वगैरे म्हणता येईना. तो परत बसला. बोटांवरचा भात वाळून टणक झाला होता.

अभिराम खाली मान घालून बसला होता. त्याला तो दिवस आठवत होता. अपर्णाच्या कागदांची फाइल त्यानेच स्कूटरच्या डिकीत घालून नेली होती. अपर्णा म्हणत होती, काका, झेरॉक्स देऊ का नुसत्या, आणि तोच म्हणाला होता, आपला माणूस आहे, दे बिनधास्त. विम्याचा विचार त्याने आणखी एकदा केला, आणि मग तो त्याचा त्यालाच नकोसा झाला.

“दिग्गी, ती फाइल मी माझ्या हाताने दिली होती तुला,” तो म्हणाला. “दे यार परत. लाव फोन.”

दिग्विजयसिंहाने डाव्या हाताने फोन काढला. बोटं नीट चालेनात, म्हणून स्पीकरवर टाकला. ऑफिस सांभाळणारा, तरुण नावाचा मुलगा पलीकडून म्हणाला, जी भैया. कपाटातून अपर्णाची फाइल काढ आणि गोरखीला घेऊन ये, दिग्विजयसिंह म्हणाला. तरुण म्हणाला, कपाटाची किल्ली तर तुमच्याकडेच असते. दिग्विजयसिंहाने खिसे चाचपले, किल्ली घरी होती. तो एकदम ओरडला, कुलूप तोड, काहीही कर, पण घेऊन ये.

जी भैया, तरुण म्हणाला.

*

चाळीस मिनिटं लागली. त्या चाळीस मिनिटांत पंगतीत काय काय झालं हे पुढे वर्षभर शहराच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत सांगितलं गेलं, आणि प्रत्येक वेळी त्यात जिलब्या वाढत गेल्या. खरं इतकंच की कुणी उठलं नाही. सुरुवातीला लोक नानांवर चिडले होते, मग हळूहळू बोलायला लागले. एकाच्या सुनेला बाळंतपणाच्या सुट्टीतून लॅपटॉप उघडायला लावला होता, दुसऱ्याचा मुलगा इंदूरहून आजोबांच्या तेराव्याला एका दिवसासाठी आला होता. दिग्विजयसिंह पानाकडे पाहत ऐकत होता. नानांचे पाय बधिर झाले होते, ओठ पांढरे पडले होते. अपर्णा त्यांच्याजवळ बसून म्हणाली, नाना, आप उठो न, मी दुसरं काही बघून घेईन.

“मी तुला सोसायला सांगितलं,” नाना म्हणाले. “चुकलं माझं ते.”

घरात कुणी नानांच्या तोंडून हे वाक्य ऐकलेलं नव्हतं. अपर्णाने त्यांचा डावा हात धरला आणि तशीच बसून राहिली.

दोनच्या सुमाराला जिन्यावर पावलं वाजली. तरुण आला. तिशीचा, कृश, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. त्याच्या हातात फाइल नव्हती. लोखंडी कपाटाचा एक अख्खा खण दोन्ही हातांनी पोटाशी धरून तो आला होता, आणि खणात खाकी पाकिटं गच्च उभी होती.

तो दोन रांगांच्या मधून चालत आला आणि खण अपर्णाच्या पुढ्यात ठेवला. दिग्विजयसिंह म्हणाला, एक फाइल सांगितली होती.

“जी भैया,” तरुण म्हणाला. “ताला तोड़ना ही था. एक के लिए तोड़ो या सबके लिए.”

अपर्णाने पाकिटं चाळली. हर्षिता, हेमांगी, अवंतिका. सगळी ओळखीची नावं, सगळी कधी ना कधी कासव मांडीवर घेऊन डबा खाल्लेली. तिचं पाकीट मधे कुठेतरी होतं. तिने उघडून पाहिलं, दहावी, बारावी, बीए, एमलिब. सगळं होतं. ते तिने शामलाकडे दिलं. शामलाने पाकीट कमरेला खोचायचा प्रयत्न केला, तिथे कंपनीचा पट्टा होता. तो काढून तिने दिग्विजयसिंहाच्या पानाशेजारी ठेवला.

तरुणने वाकून खणाच्या अगदी तळाशी हात घातला आणि सगळ्यांत जुनं, कडा पिवळ्या पडलेलं एक पाकीट काढलं. सहा वर्षांपूर्वीचं. त्यावर त्याचं नाव होतं.

नानांनी उजव्या हातावर पाणी घेतलं आणि शेवटचा घोट घेतला. पंगत उठली. नाना मात्र उठू शकले नाहीत, पायांत जीवच नव्हता. अभिराम पलीकडून यायच्या आत मंदाताई मुलाला म्हणाल्या, यजमानांना हात दे. दिग्विजयसिंहाने हात धुतले, परत आला, आणि नानांना काखेत धरून उभं केलं. त्याच्या खांद्यावरची शाल घसरून पाटावर पडली. ती कुणी उचलली नाही. मग तो आईला घेऊन निघाला. दाराशी थांबून तो त्या खणाकडे बघत राहिला, पण मंदाताई जिना उतरायला लागल्या होत्या आणि त्यांचा हात धरणं भाग होतं.

अपर्णाने फोन काढला. ग्रुपवर सकाळपासूनचे चौऱ्याण्णव मेसेज होते. ते न उघडता तिने हर्षिताला फोन लावला. पलीकडे नेहमीचा गलका होता, बारा जणी एकाच वेळी बारा पालकांशी बोलत होत्या.

“सुन, फोन ठेव आणि सगळ्यांना घेऊन गोरखीला ये,” ती म्हणाली. “हो, आत्ता. तुमचे कागद इथे आहेत. आणि जेवूनच जा.”

शामलाने हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. दुसऱ्या पंगतीचे चाळीस जण पाट ओढून बसायला लागले होते, आमटी तळाला गेली होती, जिलब्या निम्म्या एकट्या दिग्विजयसिंहाने खाल्ल्या होत्या, आणि या घरात सांगून सवरून काही करायची कुणाला सवय म्हणून नव्हती. ती पदर खोचून आत गेली. आचारी शेगडी बंद करत होता. शामला म्हणाली, बंद नको करू, भात टाक, अजून बारा पानं आहेत. मग तिने मागे वळून पाहिलं. तरुण आपलं पाकीट छातीशी धरून दाराशी तसाच उभा होता, कुणी बसा म्हणेल का याची वाट पाहत.

तेरा, ती म्हणाली.